खोबऱ्याची करपलेली कड

मी गाव सोडलं त्या सकाळी आईनं तिठ्यावर माझ्या हातात एक पितळी डबा दिला. झाकण निसटू नये म्हणून तिनं त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती. गाठ इतकी घट्ट की पुढे जोगेश्वरीला मावशीला ती विळीवर कापावी लागली. मुंबईची एसटी आमच्या तिठ्यावर जेमतेम दोन मिनिटं थांबायची. त्या दोन मिनिटांत दादानं बॅग वर चढवली, आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, जशी काही मी बालवाडीत चालले होते, आणि म्हणाली, "भूक लागली तर लाजू नको. आणि कोणाचा उष्टा खाव नको." बाबा बाजूला उभे होते. त्यांनी स्वतः अर्धं आयुष्य मुंबईत गिरणीत काढलं होतं आणि गिरणी बंद पडल्यावर परत आले होते. निघणाऱ्याला सांगून काही उपयोग नसतो हे त्यांना बहुतेक ठाऊक असावं.

डब्यात काय आहे हे आईनं सांगितलं नव्हतं, पण गाडी हायवेला लागेपर्यंत अख्ख्या गाडीला ते कळलं. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं कोरडं वाटप होतं ते. आई खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट चुलीतल्या निखाऱ्यावर धरायची आणि तिची कड काळी पडून तेल सुटेपर्यंत जागची हलायची नाही. मग धणे, मिरची, मिरी, बडीशेप भाजून सगळं पाट्यावर. ते पंधरा दिवस सहज टिकतं आणि त्याचा वास त्याहून जास्त टिकतो. पुढच्या बाकावरचे एक काका मागे वळले आणि कोणाच्या घरचं गं हे, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं. मला इतकी लाज वाटली की मी डबा पायाशी सरकवला आणि त्यावर स्वेटर टाकला. वास येतच राहिला.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांना मला एक गोष्ट सांगायची आहे. गेली चार वर्षं ती मी कोणाला सांगितलेली नाही. मी माझ्या आईला नापास केलं. चवीत. तेही लेखी, सहीनिशी.

साकीनाक्याला गाळ्यांच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली दिवसभर लेथ मशीन कुरकुरतात, वर आम्ही. आमची कंपनी गोठवलेलं जेवण विकते. ट्रेमध्ये पुलाव, राजमा, पनीर, त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा. त्याला काट्यानं चार भोकं पाडायची आणि ट्रे साडेचार मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा, की झालं तुमचं घरगुती जेवण. मी कुडाळला बीएस्सी करून आले होते. मावशीच्या एका खोलीत सहा माणसांत सातवी. या कंपनीत लॅब असिस्टंट म्हणून लागले तेव्हा घरी फोन करून सांगितलं की दुपारचं जेवण ऑफिसात फुकट मिळतं. आईला त्या नोकरीतलं तेवढंच कळलं आणि तेवढ्यावर ती खूश झाली.

जेवण मिळायचं हे खरं, पण ते जेवण म्हणजेच आमचं काम. एक वाजला की पॅन्ट्रीत ओळीनं ठेवलेले सहा मायक्रोवेव्ह एकामागून एक टिंग करायला लागतात. ट्रेवर पदार्थाचं नाव नसतं, नुसता तीन आकडी नंबर असतो. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म. वास, चव, पोत, प्रत्येकाला नऊपैकी गुण, आणि खाली शेऱ्यासाठी दोन ओळी. घास घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, पेल्यात थुंकायचा, कोमट पाण्यानं चूळ भरायची, अर्धं साधं बिस्कीट चावायचं आणि पुढचा ट्रे. पहिल्या दिवशी तो घास थुंकताना मला रडू फुटलं होतं. आमच्या घरी पानातलं शीत सांडलं तरी उचलून कपाळाला लावायचे. कोणाचं उष्टं खाऊ नको असं आईनं सांगितलं होतं, आणि इथे मी माझंच उष्टं रोज पेल्यात गोळा करून त्याचा पगार घ्यायला लागले.

घरून डबा आणायला बंदी होती. एका डब्याचा वास सगळ्या फॉर्मांची वाट लावतो, म्हणून. मी रुजू झाले त्याच आठवड्यात आईच्या वाटपाची आमटी डब्यातून नेली होती. साहेबांनी, कपाडियासर त्यांचं नाव, पॅन्ट्रीत पाऊल टाकलं आणि नाक वर करून विचारलं, ये जला क्या है? मी डबा उचलला आणि जिन्यात जाऊन, उभ्यानं, चार घासांत संपवला. त्यानंतर पुन्हा नेला नाही. माझ्याबरोबर लागलेली रेश्मा, घाटकोपरची, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "आपण इथे जेवत नाही गं, चाखतो. जेवायचं घरी जाऊन." घरी पोचायला साडेआठ व्हायचे आणि तोवर जिभेवर काही चढायचंच नाही.

पण जीभ तयार झाली, हे मान्य करायला हवं. दोनेक वर्षांत मला तेल कितव्यांदा तापवलंय ते कळायला लागलं. हळद कुठल्या पोत्यातली, ट्रे किती दिवस फ्रीजरमध्ये होता, तेही मी सांगायची. सर मला मशीन म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. लग्न झालं, बोरिवलीला घर झालं, मुलगी झाली. नवऱ्यानं चहा केला तर मी म्हणायची आलं जास्त, शेवट तुरट. मुलगी लहान असताना आजीकडून आलेल्या खाऊलाही गुण द्यायची, माझं बघून. सगळे हसायचे. मीही हसायची.

बाबांबद्दल इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते गिरणीत होते तेव्हा लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. गावाहून कोणी मुंबईला निघालं की आई त्याच्याबरोबर वाटपाचा डबा पाठवायची. बाबा खानावळीतल्या पाणचट आमटीत त्यातला एक चमचा ढवळायचे. परत आल्यावर आम्हाला सांगायचे, "खोबऱ्याची कड करपाक व्हयी. ती जिभेक लागली काय घर गावता." गावता म्हणजे सापडतं. त्यांचं घर असं, खानावळीच्या बाकावर बसल्या बसल्या, रोज दुपारी चमचाभर सापडायचं. बाबा गेले तेव्हा मी ऑफिसातून निघून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. ते असो.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा कंपनीनं ठरवलं की आता प्रादेशिक पदार्थ काढायचे. कपाडियासरांनी मला बोलावलं. मालवणी काहीतरी द्या, म्हणाले, पण मच्छी नको, वासाची भानगड नको. मी क्षणभरही विचार न करता काळ्या वाटाण्याचं सांबार सांगितलं. आमच्याकडे ते सणाला होतं, जत्रेला होतं, म्हाळाला तर हवंच. पितृपक्षात गेलेल्या माणसासाठी जे पान वाढतात, त्याला आम्ही म्हाळ म्हणतो. मी आईकडून फोनवर कृती घेतली, आमच्या माणसांनी ती ग्रॅममध्ये बसवली आणि कारखान्यात एक घाणा काढला. मग सर म्हणाले की याची अस्सलशी तुलना व्हायला हवी. तुमच्या आईलाच बोलवा. जमलं तर पाकिटावर त्यांचा फोटो टाकू.

फोटोचं मी आईला लगेच कळवून टाकलं. तिथंच माझी हाव दिसते. गावात सगळ्यांना दाखवता येईल, माझीही बढती होईल, असं सगळं माझ्या डोक्यात होतं. आई पहिल्यांदा नको म्हणाली. मग दादाकडून निरोप आला की ती येतेय, आणि चार दिवस आधीपासून खोबरं निवडत बसलीय.

ती आली तशी दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला रिक्षानं साकीनाक्याला नेलं. ठेवणीतली हिरवी नऊवारी, पिशवीत रात्री भिजत घातलेले घरचे वाटाणे, आणि चुलीवर भाजून आणलेलं खोबरं. इथल्या गॅसवर ते होणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या टेस्ट किचनमध्ये तिला केसांवर टोपी घातली, हातात मोजे घातले. ती मुकाट्यानं सगळं करून घेत होती, पण मीठ घालायची वेळ आली तेव्हा तिनं उजव्या हाताचा मोजा काढला आणि माझ्याकडे दिला. मोज्यातून तिला मीठ कळत नव्हतं. तिची प्रत्येक मूठ आधी काट्यावर वजन करून मग पातेल्यात पडत होती. मूठ काट्यावर रिकामी करताना ती दर वेळी थोडी थांबायची, आपण काही चुकीचं तर करत नाही ना, असं बघायची.

सांबार उकळलं. सरांनी तिच्यापुढे चमचा धरला आणि चव घेऊन बरोबर झालंय का सांगा म्हणाले. आईनं मान हलवली. तिनं आयुष्यात कधी चव घेऊन स्वयंपाक केला नव्हता. आमच्या घरात देवापुढे किंवा पितरांच्या पानात जायच्या आधी पदार्थाला जीभ लावायची नाही, हा नियमच होता. मीठ कमी की जास्त, तिखट किती, हे आई वाफेवरून सांगायची, आणि ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही. मी लहानपणी पातेल्यात बोट घालायला गेले की ती हात धरायची आणि एकच वाक्य म्हणायची. तिनं तेच वाक्य आता कपाडियासरांना मालवणीत ऐकवलं. "देवाक दाखवल्याबिगर चव बघूची नाय." मग कागदाच्या एका डिशमध्ये पळीभर सांबार घेऊन ती खिडकीकडे वळली, बोटानं भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. काचेपलीकडे साकीनाक्याचा ट्रॅफिक तुंबलेला होता. सगळ्यांना ते फार गोड वाटलं. कोणीतरी व्हिडिओही काढला. मी मात्र लाजेनं खाली बघत होते. एसटीत पायाशी डबा सरकवला होता, तशीच.

आता आमची चाचणी कशी असते ते सांगते. तुमच्यापुढे तीन पेले येतात. दोहोंत एकच पदार्थ असतो, तिसऱ्यात वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं, मग त्यातला कुठला चांगला आणि दुसऱ्यात काय खोट आहे ते लिहायचं. रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून लहानशा खोक्यासारख्या जागेत बसवतात आणि तिथं लाल दिवा लावतात. तुलना सारखी व्हावी म्हणून आईचं सांबारही मशीनमध्ये झटकन गोठवलं होतं आणि दुपारी तीनला मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणलं होतं. पॅनेलवर आम्ही आठ जण. मी निवांत होते. आईचं सांबार ओळखायला जीभ कशाला लागतेय, हातच्या काकणाला आरसा कशाला.

पहिला पेला मऊ होता. खोबरं गोडसर, मसाला नीट मुरलेला, सगळं जागच्या जागी. दुसऱ्यात पहिल्याच घासाला टाळूला धुरासारखं काहीतरी लागलं आणि शेवटी कडवटपणा राहिला. तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. मी लगेच समजले. आमच्या कारखान्यात मोठ्या कढईत वाटप तळाला लागतं, ही जुनी तक्रार होती. म्हणजे मधला पेला कारखान्याचा, आणि हे दोन गोड, मुरलेले, नीटनेटके पेले आईचे. मला आईचा अभिमान वाटला. आईच्या हातचं असं कधी होणार नाही, असं मनात म्हणत मी मधल्या पेल्याच्या रकान्यात लिहिलं: करपट. शेवट कडवट. खोबरं जास्त भाजलंय. हा नमुना पास करू नये. शेवटच्या वाक्याखाली मी रेघही ओढली.

मी आईची बाजू घेत होते, हे तुम्हाला खरं वाटेल का?

सरांनी फॉर्म गोळा केले आणि पॅन्ट्रीतच नंबरांचा कागद उघडला. आई तिथं कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. केसांवरची टोपी तिनं अजून काढली नव्हती, कारण काढा असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. रेश्मानं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि पुटपुटली, "शुभा, वाट लागली. मधला आईंचा होता." तिनं स्वतः मधल्याला नऊपैकी नऊ दिले होते. चौघांना मधला आवडला होता, माझ्यासकट चौघांना नाही. सर खो खो हसले. माणूस वाईट नाही, त्याला खरंच गंमत वाटली. आईकडे वळून म्हणाले, "आंटी, आपकी बेटी ने आपको फेल कर दिया."

आईला तेवढं हिंदी येतं. ती हसली. पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता सरांना म्हणाली, "ती शिकलेली आसा. तिका कळता."

मतं चार-चार पडली होती, तेव्हा निकाल सरांनी दिला. मालवणी माणसाचीच जीभ करपट म्हणतेय, मग आणखी पुरावा कशाला हवा? कारखान्याचा नमुना पास झाला.

त्या संध्याकाळी बोरिवलीला आई नेहमीसारखी वावरली. नातीची वेणी घातली, कुकर लावला. मी ठरवत होते की बोलायचं. गोठवून पुन्हा तापवल्यावर चव बदलते, लाल दिव्यात डोकं चालत नाही, मी दमले होते, अशी सगळी कारणं मी ओळीनं लावून ठेवली होती. पण तिनं त्यातलं काही विचारलंच नाही. भांडी विसळता विसळता, पाठमोरी, एवढंच विचारलं, "करपट म्हंजे किती करपट गो?"

माझी चूक लाल दिव्याखाली झाली असं लोक म्हणतील. मला नाही तसं वाटत. ती चूक जिभेची होती, आणि जीभ मी पगारावर दिलेली होती. खरी चूक ओट्याशी झाली. तेव्हा मी म्हणायला हवं होतं की आई, मी चुकले, मला ओळखू आलं नाही, तुझं वाटप जसं आहे तसंच असू दे. बाबांची शपथ घालून म्हणायला हवं होतं. त्याऐवजी माझ्यातली मशीन बोलली. मी तिला समजावून सांगितलं की हल्ली लोकांना कडवट शेवट आवडत नाही, खोबरं बदामी रंगावर आलं की उतरवायचं, कड काळी पडू द्यायची नाही. थोडं कमी भाजलंस तर चालेल, असंही म्हणाले. आईनं नळ बंद करून नीट ऐकून घेतलं. मग हात पुसले.

पाकीट बाजारात आलं. नाव 'आईच्या हातचं', आणि फोटो कुठल्याशा मॉडेलचा, नाकात नथ घातलेली आणि हातात पळी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. माझी बढती झाली. माझ्या मुलीला ते सांबार फार आवडतं. मॉलच्या फ्रीजरपाशी उभी राहून ती लोकांना सांगते, हे माझ्या आजीचं आहे. मी ट्रॉली पुढे ढकलते.

गावी जाणं व्हायचं, पण धावतपळत, आणि मी गेले की आई मासे करायची, त्यांत हे भाजलेलं वाटप नसतं, त्यामुळे मला काही कळलं नाही. गेल्या पितृपक्षात मात्र बाबांच्या म्हाळाला मी चार दिवस काढून गेले. घरात गॅस येऊन जमाना झाला, पण म्हाळाचं जेवण अजून मागच्या पडवीत चुलीवर होतं. मी उंबऱ्यात बसून भिजलेले वाटाणे निवडत होते. आईनं खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरली, निखाऱ्यावर धरली आणि उचलली. पुन्हा धरली, पुन्हा उचलली. उजेडाकडे नेऊन रंग बघितला. वाटी जेमतेम बदामी झाली होती. तिनं ती खाली ठेवली आणि दुसरी घेतली. मला वाटलं, ही आत्ता परत निखाऱ्यावर नेईल. ती नेणार नव्हती. वहिनी सहज म्हणाली की हल्ली आई असंच भाजतात, दोन-तीन वर्षं झाली. मी निवडलेले वाटाणेच पुन्हा निवडत बसले.

सांबार झालं. वडे झाले, खीर झाली. दादानं केळीची पानं पुसून ठेवली. बाबांचं पान अजून वाढायचं होतं. आणि आई एका वाटीत पळीभर सांबार घेऊन माझ्यापाशी आली, वाटी माझ्या हातात दिली.

"बघ गो, करपला काय?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, "आई, अजून पान वाढलं नाही."

"ऱ्हवांदे. तू बघ. कागदार लिवतंस तसा सांग."

पातेल्यात बोट घालायला गेलं की हात धरणारी माझी आई. वाफेवरून मीठ सांगणारी. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईचा स्वतःच्या नाकावरचा, हातावरचा विश्वास मी एका ओळीच्या शेऱ्यानं काढून घेतला होता, आणि आता ती पितरांच्या आधी मला विचारत होती. मी नाही म्हणू शकले असते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि मी वाटी खाली ठेवली असती तर तिनं त्याचा एकच अर्थ लावला असता. मी चव घेतली.

मऊ होतं. गोडसर, सगळं जागच्या जागी. टाळूला काही लागलं नाही, शेवटी काही राहिलं नाही. हुबेहूब आमच्या पाकिटासारखं. डोळे मिटून दिलं असतं तर मी ते कारखान्याचं म्हणून ओळखलं असतं, आणि नऊपैकी आठ दिले असते.

"चांगलं झालंय," मी म्हणाले. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पान वाढायला गेली.

पान परसात ठेवलं. खरं सांगते, मी मनातल्या मनात बाबांना विनवत होते की येऊ नका. शिवू नका त्याला. थोडा वेळ तरी नाही म्हणा, म्हणजे तिला कळेल. आमच्याकडे कावळा कधी कधी तास तास ताटकळत ठेवतो. त्या दिवशी माडावरून लगेच उतरला, इकडेतिकडे न बघता सांबारातच चोच घातली. दादानं हुश्श केलं. आईचे डोळे भरून आले होते. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बघ, तेंका पण आवाडला."

मी मान डोलावली. इतकी वर्षं तू चुकत नव्हतीस, असं सांगायची वेळ चार वर्षांपूर्वी ओट्याशी होऊन गेली होती. आता सांगितलं असतं तर बाबांच्या पानात तिनं काय वाढलं, तेही तिला कळलं असतं.

मुंबईत कोणी गाव विचारलं की मी गावाचं नाव सांगते, गावात कोणी घर विचारलं की बोरिवली सांगते. दोन्ही ठिकाणी मी जरा खोटं बोलत असते. बाबांना ती करपलेली कड जिभेला लागली की घर सापडायचं. मलाही ते एकदा सापडलं होतं, लाल दिव्याखाली, मधल्या पेल्यात, आणि मी त्याच्याखाली रेघ ओढून लिहिलं की पास करू नये.

निघताना आईनं तोच पितळी डबा वाटपानं भरून दिला, वर तशीच पट्टी, तशीच घट्ट गाठ. या वेळी मी तो पायाशी ठेवला नाही. मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला. हायवे लागला, घाट गेला, पनवेल आलं. गाडी माणसांनी भरलेली होती. कोणाच्या घरचं गं हे, म्हणून कोणीही मागे वळून विचारलं नाही.